नोंद नसलेली पहाट

१

आई गेली ती पहाट डब्यात नव्हती.

डबा म्हणजे घर सांभाळणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर. दिवे, पाण्याची टाकी, दारं, खोल्याखोल्यांतली हालचाल, सगळ्यांवर त्याची नजर. कुठलं दार कधी उघडलं, कोणत्या खोलीत कोण हललं, हे तो ओळीमागून ओळ स्वतःशी लिहीत बसायचा. आई तळ्याच्या पायऱ्यांखाली सापडली त्या दिवसाचं उजाडतानापासूनचं सगळं त्याने इमानेइतबारे लिहिलं होतं. त्याआधीचं मात्र काहीच नव्हतं, नावालासुद्धा एक ओळ नाही.

"पुसलंय कुणीतरी," धाकटा म्हणाला. त्याच्या हातातला चहा निवून त्यावर साय धरली होती. "काकू, मी घरभर डोळे आणि कान बसवले ते आईसाठी. आणि नेमकी तीच वेळ आंधळी."

खुलासेकाकूंनी चष्मा कपाळावर चढवला. उभी हयात त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या कंट्रोल रूममध्ये काढली होती, यंत्रांनी लिहिलेल्या नोंदी वाचून बिघाड कुठे आहे ते सांगण्यात. निवृत्तीनंतर आसपासची पोरं आपापले डबे घेऊन त्यांच्याकडे येत. "थांब, खुलासा होईल," हे त्यांचं पालुपद, त्यावरून हे नाव पडलं. त्यांना ते आवडत नसे, पण त्या हाकेला ओ देत.

"पहिल्यापासून सांग. रडलास तरी चालेल, पण क्रम चुकवू नकोस."

धाकट्याने सांगितलं. आईला विसरण्याचा आजार. आधी चाव्या विसरली, मग रस्ते, मग माणसं. एकदा घरातून निघाली ती बस डेपोत सापडली. तेव्हा त्याने दाराला डोळा लावला. उजाडायच्या आत दार उघडलं की वर त्याच्या खोलीत घंटा वाजायची आणि सगळ्यांच्या फोनवर निरोप जायचा. शिवाय एका संस्थेतून रात्रीसाठी मावशी ठेवल्या. त्या आईच्याच खोलीत झोपत. त्या पहाटे घंटा वाजली नाही. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, वर येऊन त्याला गदागदा हलवलं, "अरे, तुझी आई घरात नाही." सापडली तेव्हा सगळं संपलं होतं. पाय घसरून डोकं आपटलं होतं, जागीच गेली असं डॉक्टर म्हणाले.

"आणि ताई म्हणते, हे सगळं मावशीनं केलं. झोपमोड नको म्हणून घंटा बंद करून ठेवली आणि मग नोंदी पुसल्या. संस्थेनं मावशीला घरी बसवलंय. उद्या ताई जाऊन तक्रार नोंदवणार. एकदा ती नोंदवली की मावशीला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. त्यांचं घर त्या एका कामावर चालतं."

"तुला काय वाटतं?"

धाकट्याने मान खाली घातली. "डब्याचा पासवर्ड मावशीकडे नाही, काकू. तो जगात एकाच माणसाकडे आहे. माझ्याकडे."

२

घर साधंच, खाली-वर मिळून चार खोल्यांचं. दारातून आत गेलं की हॉल, हॉलमध्ये अप्पांची खाट. पलीकडे आईची खोली, रिकामी, पण चादर अजून नीट ओढलेली. जिन्याखाली मेन स्विचचा बोर्ड होता, त्यावर प्रत्येक बटणाखाली सुरेख अक्षरात लिहिलेलं: खालचा मजला, वरचा मजला, पंप.

"अप्पांचं अक्षर," थोरली, धाकट्याची ताई, म्हणाली. ती दोन रस्ते पलीकडे राहायची आणि आई गेल्यापासून इथेच होती. डोळे सुजलेले, पण जीभ धारदार. "वायरमन होते ना. या भागातल्या निम्म्या खांबांवर चढलेत ते. काकू, तुम्ही आलात ते बरं झालं, पण वेळ घालवू नका. माझ्या आईला एका बाईच्या भरवशावर ठेवलं आणि त्या बाईनं ढाराढूर झोपा काढल्या. आणखी काय शोधायचं?"

"आई सापडली तेव्हा तू होतीस?"

"मीच मांडीवर डोकं घेतलं. स्वेटरची बटणं वरपासून खालपर्यंत नीट. बुटांच्या नाड्या बांधलेल्या, दुहेरी गाठीच्या. जशी काही कुठे निघाली होती."

खुलासेकाकूंनी ते मनाशी टिपून घेतलं. डबा हॉलच्या कोपऱ्यात, उंचावरच्या कुलपाच्या पेटीत होता. धाकट्याने कुलूप काढलं आणि काकूंनी हात पुढे केला.

"आधी मेन पाडा, बाई!"

खाटेवरून आवाज आला. अप्पा इतका वेळ भिंतीकडे तोंड करून पडले होते. आता कोपरावर उठून बसले होते, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"अप्पा, पाच व्होल्टचा डबा आहे हा," धाकटा म्हणाला. "मुंगीलासुद्धा शॉक बसणार नाही."

"असेना का. हात लावायच्या आधी मेन पाडायचा. आयुष्यभर तेच केलं म्हणून हात शाबूत राहिले," असं म्हणून ते परत भिंतीकडे वळले.

"तुम्ही इथे हॉलमध्ये झोपता?" काकूंनी विचारलं.

"ती मला ओळखत नव्हती," भिंतीशी बोलावं तसे अप्पा म्हणाले. "खोलीत परका पुरुष शिरला म्हणून ओरडायची. म्हणून इथे."

काकूंना गलबलून आलं. पण हातातलं काम सोडायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी लॅपटॉप जोडला, नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामची सेटिंग उघडली, दोन ओळी वाचल्या आणि धाकट्याकडे अशी नजर टाकली की तो लहान असता तर पळून गेला असता.

"नोंदी मेमरी कार्डावर न लिहिता तात्पुरत्या मेमरीत ठेवायला कुणी सांगितलं तुला?"

"सगळेच ठेवतात, काकू. सारखं लिहून लिहून कार्ड खराब होतं ना. कार्ड वाचवायला..."

"कार्ड वाचलं. आणि डबा बंद पडला की पाटी कोरी. बाळा, कुणी काही पुसलेलं नाही. पासवर्डचा इथे काही संबंधच नाही."

धाकट्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. तो सोडायच्या आतच काकू पुढे म्हणाल्या, "त्या पहाटे डब्याची वीज गेली होती. म्हणूनच घंटा वाजली नाही."

३

"त्या पहाटे वीज गेलीच नव्हती," धाकटा म्हणाला. वरच्या मजल्यावर त्याचं मोठं साठवणीचं यंत्र होतं, घरातले फोटो आणि कागदपत्रं ठेवायचं. ते कित्येक महिने एकदाही बंद पडलेलं नव्हतं. म्हणजे बाहेरून येणारी वीज चालू होती आणि फक्त खालचा मजला अंधारात होता.

खुलासेकाकू स्वयंपाकघरात गेल्या. सूनबाई, धाकट्याची बायको, ओट्याशी उभी होती, कोरडा ओटा पुन्हापुन्हा पुसत.

"बस जरा. मी काही पोलीस नाही."

ती बसली नाही. "काकू, मला एक सांगायचंय. ह्यांना माहीत नाही." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझ्या फोनवरची घंटा मी बंद करून ठेवली होती. रात्रभर टाकीचे, दिव्यांचेही निरोप येत राहायचे. डोळ्याला डोळा लागत नव्हता. म्हटलं, ह्यांच्या फोनवर आहे, खोलीतली घंटा आहे, माझी एक नसली तर काय बिघडतं. आता रोज वाटतं, माझी वाजली असती तर?"

"नसती वाजली. डबाच मेला होता, तो कुणाला काय कळवणार? ते ओझं उतरव."

सूनबाईने तोंडावर हात धरला आणि हुंदका दिला. काकूंनी तिला रडू दिलं. रडणाऱ्या माणसाला चूप करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष ओव्हनकडे गेलं. हिरवे आकडे लुकलुकत होते, शून्य, शून्य.

"हे घड्याळ कधीपासून असं?"

"ते?" सूनबाईने नाक पुसलं. "मी लावायचंच सोडून दिलं. संध्याकाळी लावावं तर सकाळी पुन्हा शून्य. ह्यांना म्हटलं दुरुस्तीला द्या, तर कुणाला वेळ आहे?"

"म्हणजे एकदाच झालं नाही हे?"

"छे हो. गेले कितीतरी महिने चाललंय. अधूनमधून एखाद्या दिवशी बरं असायचं, एवढंच."

काकू पाठमोऱ्या होऊन खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. कुणीतरी पहाटेमागून पहाट खालच्या मजल्याची वीज तोडत होतं. आणि थोरली दुसऱ्या सकाळी संस्थेच्या दारात उभी राहणार होती.

४

मावशींची खोली गॅरेजच्या वर होती. आत एक पलंग, एक कपाट आणि अभ्यास करत बसलेल्या दोन मुली. मावशींनी त्यांना बाहेर पाठवलं आणि खुर्ची पुसून पुढे केली.

"त्या पहाटे काय झालं, मावशी?"

"झोपले होते मी." उत्तर तयारच होतं, धडा पाठ केल्यासारखं.

"घंटा तुम्ही बंद केली?"

"नाही."

"मेन स्विच पाडला?"

"नाही."

"मग हे त्या थोरलीच्या तोंडावर सांगत का नाही? ती उद्या तक्रार देतेय. तुम्हाला कळतंय ना, काय होईल?"

"कळतं." मावशी ओढणीच्या काठाशी चाळा करत होत्या. "पण रात्री माझी पाळी होती. आजी माझ्या खोलीतून उठून गेल्या. मी झोपले होते म्हटल्यावर चूक माझीच झाली ना?"

खुलासेकाकूंना राग आला. खोटं बोलणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, ती सगळी स्वतःला वाचवायला खोटं बोलत. ही बाई स्वतःला बुडवायला निघाली होती, आणि त्यात खोटं किती नि खरं किती याचा काही थांगपत्ता लागू देत नव्हती.

"दोन वर्षं त्यांचं सगळं केलंत तुम्ही. त्यांना बुटांच्या नाड्या बांधता यायच्या?"

मावशींनी वर पाहिलं. "नाही. नाडी हातात घेऊन नुसत्या बघत बसायच्या. बटणंही मीच लावायचे."

"त्या पहाटे लावलीत?"

"नाही."

काकू उठल्या. दाराशी पोचल्या तेव्हा मावशींनी मागून हाक मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाई, आजींच्या अंगावर शाल होती का हो?"

"नव्हती."

मावशींनी डोळे मिटून घेतले. त्यांना याहून जास्त काही माहीत होतं हे काकूंना कळलं, पण त्यांच्या तोंडून ते आज निघणार नव्हतं.

५

"ताकास तूर लागू देत नाही ती," परत येऊन काकू धाकट्याला म्हणाल्या. "आता माणसांना विचारून झालं, यंत्राला विचारू. कार्ड वाचवायचं एवढं वेड आहे तुला, तर नोंदींची दुसरी प्रत कुठे पाठवायचा विचारही कधी केला नाहीस?"

"केला होता," धाकटा ओशाळला. "वरच्या यंत्रावर पाठवायची सोय केली होती. पण चाललीच नाही. 'घर' या नावाखाली शोधलं तर काही सापडेना. दोन दिवस डोकं फोडलं आणि हात टेकले."

"'घर' हे नाव कुठे दिलंस?"

"ॲपमध्ये. पडद्यावर येतं ना, तिथे."

काकू हसल्या, त्या दिवसात पहिल्यांदा. "अरे, तुला घरात काय म्हणतात आणि शाळेच्या पटावर काय होतं? पडद्यावर तू त्याला लाडाचं नाव दिलंस. त्याला बिचाऱ्याला अजून कारखान्यात ठेवलेलंच नाव ठाऊक आहे. तो पत्र पाठवताना तेच नाव लिहिणार."

वरच्या यंत्रावर कारखान्यातल्या नावाने शोधलं आणि सगळं सापडलं. महिनोन्‌महिने आलेल्या ओळी, कुणी न वाचलेल्या. मेमरीतल्या नोंदी वीज गेली की नाहीशा होत होत्या, पण त्याआधीच त्यांची प्रत वर पोचत होती. धाकट्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

काकू बोट ठेवून वाचू लागल्या. पहाटे आईच्या खोलीत हालचाल. मग हॉलमध्ये हालचाल. मग ओळ तुटलेली. डबा नीट बंद केला तर 'बंद होतोय' असं लिहून झोपतो. इथे वीज एकदम तोडलेली होती. मग बराच वेळ काही नाही. मग डबा पुन्हा जागा झालेला, दार बंद, सगळं ठीकठाक. दुसऱ्या पहाटे तसंच, तिसऱ्याही पहाटे तसंच.

"म्हणजे मावशी रोज..." धाकटा म्हणाला. "ताईचं खरं निघालं का?"

"थांब." काकूंचं बोट एका जागी अडलं होतं. "ही पहाट बघ. तुटलेली नाही. ही पण नाही. आणि ही. या पहाटांत असं काय होतं?"

धाकट्याने गच्चीवर पाऊस मोजायचं भांडं बसवलं होतं, केवळ हौस म्हणून. त्याच्याही ओळी तिथेच होत्या. त्याने त्या शेजारी लावल्या आणि तो बघतच राहिला.

वीज तोडलेली नव्हती त्या प्रत्येक पहाटे पाऊस होता.

६

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला सगळे हॉलमध्ये जमले. अप्पा खाटेवर उठून बसले होते. थोरली उभीच होती.

"झोपमोड नको म्हणून वीज तोडणारा माणूस पावसातही तोडेल," खुलासेकाकूंनी सुरुवात केली. "पावसात तर झोप जास्त गोड लागते. म्हणजे हे झोपेसाठी नव्हतं. ज्याला कोरड्या पहाटेच वीज तोडायची होती, त्याला बाहेर जायचं होतं. दार उघडायचं होतं आणि घंटा वाजायला नको होती."

"बाहेर? कोण?" थोरली म्हणाली.

"आईंबरोबर. नाहीतर नाड्या कुणी बांधल्या? त्यांना येत नव्हत्या. कुणीतरी त्यांना नीट तयार करून नेत होतं आणि उजाडायच्या आत सुखरूप परत आणत होतं. ते माणूस ॲप वापरणारं नव्हतं, नाहीतर घंटाच बंद केली असती. पेटीला कुलूप, पासवर्ड ठाऊक नाही. डबा गप्प करायचा त्याला एकच मार्ग माहीत, तो म्हणजे खालच्या मजल्याचा मेन पाडणं." पुढचं बोलणं काकूंच्या जिवावर आलं होतं. "त्या शेवटच्या पहाटे खंड आखूड आहे. वीज लवकर परत आली. डबा जागा झाला तेव्हा दार उघडं होतं. आणि त्यानंतरची पहिली हालचाल जिन्यात आहे. ती ओळ तुझ्या डब्यात पहिल्या दिवसापासून होती, बाळा. त्या पहाटे जिना चढून वर कोण आलं?"

धाकट्याने अप्पांकडे पाहिलं. त्याला कोणी हलवून उठवलं होतं हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"बस करा, बाई," अप्पा म्हणाले. "मीच तो."

थोरली त्यांच्याकडे वळली.

"एकदा पहाटे ती दाराशी येऊन कडी ओढत होती. दार उघडलं तर घर जागं होईल, तुम्ही तिला खोलीत कोंडाल. मी मेन पाडला आणि तिच्याबरोबर निघालो. म्हटलं, दोन पावलं चालेल आणि थकेल. तळ्याच्या बाकावर बसलो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'काय हो, दाढी नाही केलीत?'" अप्पांनी गालावरून हात फिरवला. "घरात मी परका माणूस होतो. तिथे बसलं की मी तिचा नवरा व्हायचो. का, ते डॉक्टरला विचारा, मला कळत नाही. रोज व्हायचं असंही नाही. पण व्हायचं. मग मी रोज दाढी करून तिची वाट बघायला लागलो."

"आणि त्या दिवशी?" धाकट्याने विचारलं.

"नाड्या बांधल्या, बटणं लावली, मेन पाडला, दार उघडलं. बाहेर गारवा होता. तिला उंबऱ्यात उभी करून शाल आणायला आत गेलो. आलो तर ती नाही. बाकापर्यंत धावलो, तिथे नाही. वाटलं, दुसऱ्या वाटेनं घरी आली असेल. घरी आलो, दारात उभा राहून हाका मारल्या, मेन चढवला. मग तुला उठवलं. मेन सवयीनं चढवला असं म्हणेन, पण ते खोटं आहे. लपवायला चढवला. ती बेपत्ता झाली होती आणि मी माझी चोरी झाकत होतो."

सूनबाई रडत होती. थोरलीचा चेहरा मात्र दगडासारखा झाला होता.

"मी दर रविवारी येत होते, अप्पा. केस विंचरून द्यायचे तिचे. ती मला विचारायची, 'तू कुणाची ग?' दोन वर्षं! आणि तुम्हाला ठाऊक होतं की ती तिथे ओळखते? मला एकदासुद्धा नेलं नाहीत? कदाचित मलाही..."

"सांगितलं असतं तर तुम्ही दाराला कुलूप घातलं असतं."

थोरलीने बापाकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "घातलं असतं." आणि ती मटकन खाली बसली. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिने झटकला नाही.

खुलासेकाकूंनी चष्मा पुसला. एक प्रश्न उरला होता आणि तो कुणीच विचारत नव्हतं. शेवटी त्यांनीच विचारला. "अप्पा, मावशीवर खापर फुटलं हे तुम्हाला माहीत होतं?"

अप्पांनी थोरलीच्या डोक्यावरचा हात काढून घेतला.

"कानावर आलं होतं," ते म्हणाले. "मी कूस बदलली."

७

सकाळी थोरली संस्थेत गेली नाही. ती अप्पांना घेऊन मावशींच्या दारात गेली. घर लांब होतं, म्हणून धाकट्याने गाडी काढली आणि वाट दाखवायला खुलासेकाकूही आल्या. अप्पांनी दाढी केली होती, गालावर एक ठिकाणी कापलं होतं.

मावशींनी दार उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. थोरलीने हात जोडले. रात्रभर जुळवलेलं तिचं सगळं बोलणं दाराशीच विस्कटलं. "चुकलं माझं, मावशी. मी संस्थेत जाऊन सांगते, तुम्ही म्हणाल तिथे सांगते," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. मावशींनी तिचे हात खाली घेतले.

अप्पा पुढे झाले. "मी तिला न्यायचो. रोज. तुला न कळता. तुझा काही दोष नाही."

"मला माहीत होतं, अप्पा."

"काय माहीत होतं?"

"सगळं. आजी उठल्या की मला जाग यायचीच. तुम्ही बुटांपाशी खाली बसायचात ते मी दाराच्या फटीतून बघायचे. परत आल्या की आजी तासभर शांत असायच्या. एकदा तर गुणगुणत आल्या होत्या. म्हटलं, नवरा-बायको फिरायला चाललेत, आपण कशाला मध्ये पडायचं? मी डोळे मिटून पडून राहायचे."

"अग, मग बोलली का नाहीस?" अप्पा म्हणाले. "तुझं काम गेलं, तुला नाही नाही ते बोलले सगळे. एका शब्दात सुटली असतीस."

मावशींनी खुर्ची ओढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं.

"तुम्ही बोलाल, म्हणून थांबले होते."

अप्पा बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि सगळ्यांदेखत, तोंड न झाकता, लहान मुलासारखे रडले. आई गेल्यापासून ते रडले नव्हते हे धाकट्याला तेव्हा कळलं. तो पुढे व्हायला निघाला, पण काकूंनी त्याचा दंड धरून त्याला थांबवलं.

बऱ्याच वेळाने अप्पांनी डोळे पुसले. "तुझ्यासाठी काय करू, सांग. संस्थेला मी स्वतः सांगतो. आणखी काय करू?"

"संस्थेचं बघा म्हणजे झालं. मुलींची फी तुंबलीय." मावशी जरा घुटमळल्या. "आणि मला आजींना शेवटचं बघू दिलं नाही कुणी. दाराशी आले होते, तिथूनच परत पाठवलं."

थोरलीने मान फिरवली. परत पाठवणारी तीच होती.

"तुम्ही जिथे बसायचात ती जागा तरी दाखवा मला," मावशी म्हणाल्या.

तळ्यापाशी गाडी थांबली तेव्हा ऊन वर आलं होतं. धाकटा आणि खुलासेकाकू गाडीतच बसून राहिले. अप्पा पुढे, त्यांच्या शेजारी मावशी, दोन पावलं मागे थोरली, असे तिघं काठाकाठाने चालत गेले. बाकाशी पोचल्यावर अप्पांनी एका टोकाकडे बोट केलं. तिथे मावशी बसल्या नाहीत, दुसऱ्या बाजूला बसल्या. थोरली उभीच होती. मग अप्पांनी तिला काहीतरी सांगितलं, आणि आईच्या जागेवर ती जाऊन बसली.